पंच्याहत्तरीपर्यंतचा हप्ता कोणी ठरवला?

ब्रिटनमधे घराचं कर्ज, म्हणजे मॉर्गेज, काढायला ब्रोकरकडे गेलात की तो आधी एक लांबलचक फॉर्म भरून घेतो, फॅक्ट फाइंड म्हणतात त्याला, पगार किती, मुलं किती, क्रेडिट कार्डावर थकलंय किती, गाडीचा हप्ता आहे का, आणि या सगळ्यात मधेच कुठेतरी एक छोटीशी चौकट असते, रिटायर कधी होणार. पगाराला पेस्लिप लागते, बँकेची स्टेटमेंटं लागतात, पत्त्याला विजेचं बिल लागतं. या चौकटीला बऱ्याचदा काहीच लागत नाही. ब्रोकर विचारतो "सत्तर टाकू का?" आणि समोरच्याला काहीही करून ते घर हातचं जाऊ द्यायचं नसतं, तो म्हणतो टाका. आणि बँकेची कमाल वयाची अट पंच्याहत्तर असेल तर मग पंच्याहत्तर टाकतात, काय फरक पडतो, तेवढं वय व्हायला अजून ३५ वर्षं आहेत.

या चौकटीतल्या आकड्याची जबाबदारी आज कोणाचीच नाही असं माझं म्हणणं आहे, आणि रिटायरमेंटच्या पुढे जाणारी जी कर्जं लोकांच्या गळ्यात मारली गेली त्यांचं मूळ तिथेच आहे. व्याजदर जास्त लावला, फी लपवली, खोटं बोलले, हे सगळं असेल नसेल, पण टर्म, म्हणजे कर्ज फेडायची मुदत, कोणी आणि कशासाठी ताणली हा खरा प्रश्न आहे आणि तो विचारायची वेळ येते तोवर उत्तर द्यायला कोणी उरलेलं नसतं.

आधीच सांगून टाकतो, मॉर्गेज रिटायरमेंटच्या पुढे जातंय एवढ्यावरून ते फसवून विकलं असं होत नाही. इथे २०११ साली ठरावीक वयाला सक्तीने निवृत्त करायची पद्धत मोडीत काढली, त्यामुळे लोक सत्तरीपर्यंत कामं करतात, काहींना आवडतं म्हणून, काहींना पर्याय नाही म्हणून. कोणाचं कंपनीचं पेन्शन चांगलं असतं, कोणाचं दुसरं घर भाड्याने दिलेलं असतं. अशा माणसाने समजून उमजून पंच्याहत्तरीपर्यंतचं कर्ज घेतलं तर त्यात गैर काही नाही, उलट त्याला नाही म्हणणं हाच अन्याय, आणि मधली काही वर्षं पन्नाशीच्या पुढच्या धडधाकट पगारदारालाही बँका दारात उभं करत नव्हत्या हेही खरंच आहे. माझा मुद्दा त्या लोकांबद्दल आहे ज्यांना हे समजून सांगितलंच गेलं नाही, किंवा सांगितलं ते असं सांगितलं की "हप्ता बघा किती कमी बसतोय".

हप्ता कमी बसतो म्हणजे काय ते आकड्यात बघू. समजा चाळीस वर्षांचा माणूस दीड लाख पौंडांचं कर्ज घेतोय, व्याज सोयीसाठी सगळी वर्षं ५ टक्केच धरू. २५ वर्षांची टर्म घेतली तर महिन्याला साधारण ८७७ पौंड हप्ता, आणि पासष्टीला कर्ज फिटलं. तेच ३५ वर्षांचं केलं तर हप्ता ७५७ पौंड. म्हणजे महिन्याला १२० पौंड वाचले, आणि ते खरंच वाचतात, घरात लहान मुलं असताना १२० पौंड म्हणजे थोडे नाहीत. पण २५ वर्षांत एकूण व्याज जातं सुमारे १ लाख १३ हजार आणि ३५ वर्षांत जातं सुमारे १ लाख ६८ हजार. पंचावन्न हजार पौंड जास्तीचे. बरं ते सोडा, पैसे काय, त्यापेक्षा मला टोचतं ते वेगळंच. हाच माणूस सदुसष्ट वर्षांचा होतो, स्टेट पेन्शन, म्हणजे सरकारी पेन्शन, सुरू होतं, तेव्हा त्याच्या डोक्यावर अजून जवळपास ६० हजार पौंड शिल्लक असतात आणि ७५७ चा हप्ता आणखी आठ वर्षं चालू राहणार असतो. पूर्ण नवं स्टेट पेन्शन २०२५-२६ च्या दराने आठवड्याला २३०.२५ पौंड, महिन्याचे हजाराच्या आसपास. त्यातून ७५७ गेले की उरलेल्या अडीचशेत वीज, गॅस, काउन्सिल टॅक्स आणि जेवण. दुसरं पेन्शन नसेल तर हे गणित बसत नाही, आणि ते बसत नाही हे कळायला कुठलं भाकीत करावं लागत नाही, जन्मतारखेत टर्म मिळवली की झालं, ही बेरीज दुसरीतलं पोर करेल. ब्रोकरच्या कॉम्प्युटरवर तर दोन्ही आकडे एकाच स्क्रीनवर असतात.

मग तरीही असं कर्ज का दिलं जातं? कारण टर्म वाढवली की कर्ज बसतं. बँकेचं ऍफोर्डेबिलिटीचं, म्हणजे कर्ज परवडतं का याचं, गणित महिन्याच्या हप्त्यावर चालतं, २५ वर्षांत माणूस नापास होत असेल तर ३० करून बघायचं, ३० त होत नसेल तर ३५. ब्रोकरला बँकेकडून प्रोक्युरेशन फी मिळते ती कर्ज झालं तरच मिळते, आणि कर्जाच्या रकमेवर मिळते. "तुम्हाला हे घर परवडत नाही, छोटं बघा" असं सांगणाऱ्या ब्रोकरला त्या दिवसाचं काहीच सुटत नाही. मी सगळे ब्रोकर चोर आहेत असं म्हणत नाहीये, खूप जण नीट काम करतात, ग्राहकाला खुर्चीत बसवून समजावतात. पण धंद्याची रचनाच अशी आहे की नीट काम करणाऱ्याचं नुकसान आणि चौकटीत सत्तर टाकणाऱ्याचा फायदा, मग काय होणार ते होतंच.

आणि सगळ्यात वाईट प्रकार घर घेतानाचा नाहीच, तो नंतरचा, रीमॉर्गेजचा, म्हणजे त्याच घरावर जुन्याच्या जागी नवं कर्ज घेण्याचा. माणसाचं घर घेऊन दहा बारा वर्षं झालीयेत, कर्ज अर्ध्यावर आलंय, पण क्रेडिट कार्डांवर वीस एक हजार झालेत, गाडीचा हप्ता आहे, मग कोणीतरी सांगतो की हे सगळं एकत्र करून मॉर्गेजमधे टाका, एकच हप्ता, तोही आजच्यापेक्षा कमी. ऐकायला किती छान. पण जी गाडी चार वर्षांत फिटली असती ती आता २५ वर्षं फेडायची, गाडी भंगारात जाऊनही हप्ता चालूच, आणि पुन्हा टर्म नव्याने २५ पासून सुरू झाल्यामुळे जे कर्ज साठीत संपणार होतं ते आता बहात्तरीपर्यंत गेलं. शिवाय आधी क्रेडिट कार्ड बुडवलं असतं तर वसुलीवाले मागे लागले असते, आता तेच कर्ज घरावर चढलं, म्हणजे चुकलात तर घर जातं. असं एकत्रीकरण सुचवताना जास्तीच्या वर्षांचा खर्च आणि विनातारण कर्ज घरावर चढवण्याची जोखीम सल्लागाराने लक्षात घ्यावी असा नियम मॉर्गेजच्या नियमपुस्तकात आहे. नियम आहे, पण तो पाळला हे दाखवायला फाईलमधे "ग्राहकाला कमी हप्ता हवा होता" एवढं एक वाक्य पुरतं, हीच तर गोम आहे.

इंटरेस्ट-ओन्लीबद्दल फार लिहीत नाही कारण त्यावर बरंच लिहून झालंय. आयुष्यभर फक्त व्याज भरायचं आणि मुद्दल शेवटी एकरकमी, ती कुठून आणणार हे २००८ च्या आधी फारसं कोणी विचारतच नव्हतं, "घराची किंमत वाढेलच की" हे उत्तर चालायचं. एफसीएने, म्हणजे इथल्या वित्तीय नियामकाने, २०१३ मधे अंदाज मांडला होता की पुढच्या तीस वर्षांत अशी २६ लाख कर्जं फेडायला येणार आणि त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांकडे पुरेसे पैसे नसतील. यातल्या लाटा त्यांनीच सांगितल्यात, पहिली २०१७-१८ ला येऊन गेली, पुढची २०२७-२८ ला आणि मग २०३२ ला. म्हणजे अजून खूप लोकांच्या घरी ते पत्र पोचायचंय.

नियमांचं म्हणाल तर ते आलेत, पण वरातीमागून घोडं तसे. मॉर्गेजचा सल्ला सरकारी नियामकाच्या हाताखाली आला तो ३१ ऑक्टोबर २००४ ला, तेव्हा एफएसए होती, तिच्या जागी २०१३ ला एफसीए आली. २००४ नंतरही काही वर्षं सेल्फ-सर्टिफिकेशन चालू होतं, म्हणजे तुम्ही सांगाल तो पगार खरा. एप्रिल २०१४ ला नियम कडक झाले, पगार तपासायलाच हवा, इंटरेस्ट-ओन्ली द्यायचं तर मुद्दल कसं फेडणार त्याची खात्रीलायक योजना हवी, आणि कर्ज रिटायरमेंटच्या पुढे जात असेल तर नंतरच्या उत्पन्नाचा विचार पुराव्यानिशी करायचा. हे कागदावर उत्तम आहे. पण "रिटायरमेंटच्या पुढे" म्हणजे कुठल्या वयाच्या पुढे, तर त्या चौकटीत जे लिहिलंय त्याच्या. चौकटीत पंच्याहत्तर लिहिलं की कर्ज रिटायरमेंटच्या पुढे जातच नाही, मग पुराव्याचा प्रश्नच मिटला. बँकेने ते वय शक्य वाटतंय का बघायचं असतं, ऑफिसात बसणाऱ्याचं एक वेळ समजू शकतो, पण परांची बांधणारा, छपरं घालणारा, हॉस्पिटलमधे पेशंट उचलणारी बाई, ही माणसं पंच्याहत्तरीपर्यंत तेच काम करतील असं मानणाऱ्याने निदान एकदा त्यांच्या गुडघ्यांकडे बघावं.

आणि हे जुनं प्रकरण आहे असंही समजू नका. बँक ऑफ इंग्लंडचा बँक रेट डिसेंबर २०२१ पर्यंत ०.१ टक्का होता तो ऑगस्ट २०२३ ला ५.२५ वर गेला, हप्ते वाढले, मग सगळ्यांनी एकच बटण दाबलं, टर्म वाढवा. माजी पेन्शनमंत्री स्टीव्ह वेब यांनी बँक ऑफ इंग्लंडकडून आकडे मिळवले ते २०२४ मधे बाहेर आले, त्यात २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत दिलेल्या नव्या मॉर्गेजपैकी ४२ टक्के कर्जांची मुदत स्टेट पेन्शनच्या वयाच्या पुढे जाणारी होती, दोन वर्षांपूर्वी हेच प्रमाण ३१ टक्के होतं. तीन वर्षांत मिळून अशी दहा लाखांवर कर्जं. यातले बरेचसे तरुण आहेत, पुढे पगार वाढला की टर्म कमी करून घेऊ असं म्हणणारे. काही जण करतीलही. पण पगार वाढला की माणूस आधी टर्म कमी करतो की आधी मोठं घर घेतो, हे तुम्ही आजूबाजूला बघून ठरवा.

आता समजा एखाद्याला कळलं. कसं कळतं तेही बघण्यासारखं आहे, ऑफर लेटरवर सहसा टर्म वर्षांत आणि महिन्यांत लिहिलेली असते, ४२० हप्ते वगैरे, "हे कर्ज फिटेल तेव्हा तुमचं वय पंच्याहत्तर असेल" असं ठळक अक्षरात लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. माणूस साठीला येतो, पेन्शनवाल्यांची पत्रं यायला लागतात, तेव्हा तो वर्षाचं मॉर्गेज स्टेटमेंट पहिल्यांदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि तिथे उरलेली मुदत १४ वर्षं दिसते. मग तो बँकेला फोन करतो. बँक म्हणते सल्ला आमचा नाही, ब्रोकरचा, आम्ही फक्त कर्ज दिलं. ब्रोकर शोधायला जावं तर ती कंपनी २००८ नंतरच्या पडझडीत कधीच बंद झालेली. बंद कंपनीसाठी एफएससीएस नावाची भरपाई योजना आहे, २०१९ च्या एप्रिलनंतर बुडालेली कंपनी असेल तर ८५ हजार पौंडांपर्यंत मिळू शकतात, पण मॉर्गेजच्या सल्ल्यासाठी ती ३१ ऑक्टोबर २००४ नंतरच्याच व्यवहारांना लागू. कंपनी चालू असेल तर आधी तिच्याकडे तक्रार, आठ आठवडे थांबायचं, मग फायनान्शियल ओम्बड्समन, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा फुकट करणारी संस्था. आणि तिथे मेख येते मुदतीची.

ओम्बड्समनकडे जायला सल्ला मिळाल्यापासून सहा वर्षं, किंवा तक्रारीला कारण आहे हे कळल्यापासून (किंवा कळायला हवं होतं तेव्हापासून) तीन वर्षं, यातली जी मुदत नंतर संपते ती. ऐकायला उदार वाटतं. पण कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असतं की टर्म ऑफर लेटरवर छापलेली होती, तुम्ही सही केलीत, म्हणजे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. टर्म कळणं वेगळं आणि ही टर्म आपल्यासाठी चुकीची होती, दुसरा पर्याय होता आणि तो आपल्याला दाखवलाच नाही, हे कळणं वेगळं, यावर मग वाद घालत बसायचं. कोर्टात निष्काळजीपणाच्या दाव्याला इंग्लंडमधे १५ वर्षांची शेवटची सीमा आहेच, ओम्बड्समनकडे अशी सीमा नव्हती, पण जुलै २०२५ मधे ट्रेझरीने, म्हणजे इथल्या अर्थखात्याने, सुधारणांचा जो प्रस्ताव मांडला त्यात ओम्बड्समनसाठी १० वर्षांची पक्की मर्यादा सुचवली, काही अपवाद ठेवायची मुभा एफसीएला देऊन.

१० वर्षं! ३५ वर्षांच्या कर्जाला! या मालातला दोष बाहेर यायलाच २५ वर्षं लागतात. गाडीचा विमा, क्रेडिट कार्ड, यांना १० वर्षं पुष्कळ झाली, तिथे नुकसान लगेच दिसतं. पण पंच्याहत्तरीपर्यंतच्या कर्जात पहिली २५ वर्षं सगळं छान चाललेलं असतं, हप्ता पगारातून जातोय, घर राहतंय, तक्रार कशाची करणार? चाळिशीतल्या माणसाने पन्नाशीच्या आत उठून म्हणायचं का की मला अजून सतरा वर्षांनी त्रास होणार आहे? त्यामुळे एफसीएला जी अपवादाची मुभा सुचवलीये त्यात रिटायरमेंटच्या पुढे जाणारी मॉर्गेजं पहिल्या ओळीत यायला हवीत, आणि घड्याळ कर्जदाराला स्टेट पेन्शन सुरू होतं त्या दिवसापासून चालू व्हायला हवं, सही केली त्या दिवसापासून नाही.

यावर एक युक्तिवाद नेहमी येतो, सही कोणी केली, लहान मूल होतं का. मला हा युक्तिवाद पूर्ण फेटाळता येत नाही. ज्याने पगार फुगवून सांगितला, ज्याला तिसरी बेडरूम हवीच होती, त्याचीही चूक आहेच, आणि ओम्बड्समनही विचारतो की नीट सल्ला मिळाला असता तर तुम्ही काय वेगळं केलं असतं. पण मग सल्ल्याचे पैसे कशाचे घेता? डॉक्टरने चुकीचं औषध लिहून दिलं आणि नंतर म्हणाला की चिठ्ठी तुम्ही वाचली होती ना, तर आपण ऐकून घेऊ का?

दुसरीकडे क्लेमवाल्या कंपन्या आहेत. पीपीआयच्या, म्हणजे कर्जासोबत विकलेल्या हप्त्याच्या विम्याच्या, भरपाईची मुदत २९ ऑगस्ट २०१९ ला संपली आणि त्या धंद्यातले लोक नवीन कुरण शोधायला निघाले. "तुमचं मॉर्गेज पासष्टीच्या पुढे जातंय? हजारो पौंड मिळू शकतात!" अशा जाहिराती करतात आणि मिळालेल्या रकमेतला चांगला मोठा तुकडा स्वतः घेतात, २०२२ पासून त्यांच्या फीवर एफसीएने मर्यादा घातलीये तरीही. ओम्बड्समन आणि एफएससीएस दोन्हीकडे तक्रार फुकट करता येते, फॉर्म साधे आहेत, मधे कोणी लागत नाही. आणि कर्ज माफ होईल अशा आशेवर राहू नका, तक्रार खरी ठरली तरी साधारणपणे योग्य टर्म असती तर जेवढं व्याज गेलं असतं त्याच्यापेक्षा जास्त गेलेला फरक मिळतो, मुद्दल तुमचंच. या कंपन्यांमुळे एक नुकसान असं झालं की खऱ्या तक्रारीही त्याच रांगेत जाऊन बसल्या आणि बँकांना सगळ्यांकडेच संशयाने बघायला निमित्त मिळालं.

तिकडे भारतात वाचणाऱ्यांना वाटेल हे विलायतेचं दुखणं, आपल्याला काय, तर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मधे परिपत्रक काढून सांगितलं की फ्लोटिंग दर वाढला तर हप्ता वाढवायचा की मुदत वाढवायची हे कर्जदाराला विचारा, ते का काढावं लागलं याचा विचार करा. तिथे निदान दर वाढल्यावर विचारायचं बंधन आलं. इथे विकतानाच विचारायचा प्रश्न आहे.

करायचं काय, तर मला फार मोठा कायदा नकोय. टर्म स्टेट पेन्शनच्या वयाच्या पुढे जात असेल तर ऑफरच्या पहिल्या पानावर कर्ज संपतानाचं वय, पेन्शन सुरू होईल त्या दिवशीची अंदाजे शिल्लक आणि पाच किंवा दहा वर्षं कमी केली तर हप्ता किती, हे तीन आकडे. आणि त्या चौकटीतलं वय कशावरून लिहिलं याचं कारण ब्रोकरने आपल्या शब्दांत लिहून सही करायची, ग्राहकाने नाही. एफसीएच्या कन्झ्युमर ड्यूटीत, जी जुलै २०२३ पासून लागू आहे, आधीच दिसत असलेलं नुकसान टाळा असं म्हटलंच आहे, आणि याच्याइतकं आधी दिसणारं नुकसान दुसरं कुठलं सापडेल मला माहीत नाही.

बँका म्हणतील इतक्या वर्षांचे कागद ठेवणं परवडत नाही, ब्रोकर म्हणतील बंद झालेल्या फर्मचे कागद कोण सांभाळणार. कर्जाचा हिशोब मात्र पस्तीस वर्षं पेनी-पेनीचा सांभाळला जातो, कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं तर तिच्याकडेही नीट पोचतो, एक हप्ता चुकला तर लगेच पत्र येतं. त्याच फाईलमधे फॅक्ट फाइंडची चार पानं आणि ब्रोकरची ती सही कर्ज फिटेपर्यंत ठेवा, आणि फर्म बंद झाली तरी ते कागद कर्ज देणाऱ्याकडेच राहतील असा नियम करा.